जांभळा डाग

तांडा, ता. सेनगाव
९ नोव्हेंबर २०२३

आदरणीय पंत सरांना,
जगन राठोडचा जय सेवालाल.

ओळखलं का? नांदेडच्या लॅबमध्ये तुमच्या हाताखाली दीड वर्ष नळ्या धुतल्या, पिपेट फोडली म्हणून एक दिवस तुमी बोलले न्हाई, तोच जगन. आता आमच्या तांड्याच्या शाखा डाकघरात आहे. परवा तुमाला फोन केला व्हता, तो सुधाकाकूंनी उचलला. म्हणल्या, सरांच्या कानाचं मशीन फोनजवळ शिट्टी मारतं, तू पत्रच लिही. मला बी ते बरं. फोनवर बोलायचं म्हणलं की घरातले चार कान उभे राहतात, अन् हे सगळ्यांनी ऐकावं असं न्हाई.

माझं पोरगं रणजीत साडेपाच वर्षांचं आहे. दोन वर्षांचं होईस्तोवर झकास व्हतं. मग बोटं आत वळायला लागली. आता मूठ पुरती उघडत न्हाई. पोट मोठं झालं, बेंबी बाहेर आली. नाक बारा महिने वाहतं, अन् झोपलं की म्हाताऱ्या माणसासारखं घोरतं. उन्हात डोळे मिचकावतं. उंची वाढायची थांबली. डोकं मात्र तल्लख. हिंगोली जिल्ह्याचे सगळे पिनकोड त्याला पाठ आहेत.

एका डॉक्टरने जंताचं औषध दिलं, दुसऱ्याने मुडदूस म्हणून सांगितलं. तांड्यातले लोक आपापसात काय म्हणतात ते मी लिहीत न्हाई. रणजीतची आई दिपा पाचव्या महिन्यात आहे, म्हणून घाई. मला एक शंका आहे. ती समोर आल्यावरच सांगतो.

तुमचा
जगन

*

औंढा नागनाथ
५ डिसेंबर २०२३

चि. जगन यास अनेक आशीर्वाद.

परवा संध्याकाळी तुम्ही तिघं येऊन गेलात. दिवे गेलेले, त्यामुळे मुलाला नीट पाहता आलं नाही. पण त्याची बोटं हातात घेतली तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. बाटलीतली लघवी दुसऱ्या दिवशी सकाळी तपासली.

सब्जा पाण्यात टाकला की दाण्याभोवती बुळबुळीत थर धरतो आणि पाणी सोडत नाही, हे तू पाहिलं असशील. आपल्या शरीरात पाणी असं धरून ठेवण्याचं काम साखरेच्या लांबच लांब साखळ्या करतात. ग्लायकोसअमिनोग्लायकॅन हे त्यांचं नाव. तू जीभ मोडून घेऊ नकोस, आम्ही लॅबमध्ये नुसतं 'गॅग' म्हणायचो. गुडघ्यातली कूर्चा त्यांच्या जोरावर अंगाचा भार झेलते. सांध्यातलं वंगण, हृदयाच्या झडपा, कातडी, डोळ्याचा पारदर्शक पडदा, सगळीकडे त्या आहेत. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून दवाखान्यात हेपारिन देतात, तेही त्याच कुळातलं.

या साखळ्या कायमच्या नसतात. शरीर रोज नव्या विणतं आणि जुन्या उसवतं. उसवण्याचं काम एन्झाइमं करतात, आणि प्रत्येकाने आपला ठरलेला एकच टाका उसवायचा असतो. एक जण कामावर आला नाही, तर पुढच्याला हात घालता येत नाही. रणजीतच्या शरीरात असा एक जण नाही. मग न उसवलेले तुकडे पेशींत साठत जातात. यकृत फुगतं, सांधे आखडतात, घसा अरुंद होतो. थोडे तुकडे लघवीवाटे बाहेर पडतात. मी गाळणकागदावर दोन थेंब वाळवले, एक त्याचा आणि एक माझा, आणि वर निळा रंग घातला. धुतल्यावर माझा डाग निघून गेला. त्याचा जांभळा होऊन राहिला.

या आजाराचे बरेच प्रकार आहेत. नेमका कोणता, हे रक्तातल्या एन्झाइमच्या तपासणीशिवाय कळत नाही. माझा पुतण्या मुकुल हैदराबादला लहान मुलांचा डॉक्टर आहे, त्याच्याकडे जा. तोवर तू अंगणात मला बाजूला घेऊन जे विचारलंस, "हे कोणाकडून आलं?", त्याबद्दल. मुलगा आहे, बुद्धी शाबूत आहे, म्हणून मला दुसरा प्रकार वाटतो. तो आईकडून येतो. आई स्वतः धडधाकट असते, मुलग्यांना होतो, मुलींना सहसा होत नाही. दिपाच्या माहेरी एखादा मुलगा लहानपणी गेला होता का, ते विचारून घे.

तुझा
विष्णुपंत

*

तांडा, ता. सेनगाव
२४ डिसेंबर २०२३

आदरणीय सर,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. माझी शंका हीच व्हती.

दिपाला एक मोठा भाऊ व्हता, थावरा. अकराव्या वर्षी गेला. लग्न जमवताना सासऱ्यांनी, म्हणजे संतराम मामांनी, एवढंच सांगितलं की विहिरीत पडला. माझ्या ध्यानात तेव्हाच आलं व्हतं, की त्या घरात त्याचा एक बी फोटो न्हाई अन् त्याचं नाव कोणी काढत न्हाई. विहिरीत पडलेल्या पोराचा फोटो लपवायचं काय कारण? मी सासू भिकाबाईला फोन करून विचारलं, "थावराची बोटं कशी व्हती?" तिने फोन ठेवून दिला. सर, ज्याच्या पोटात काही न्हाई तो माणूस फोन ठेवतो का?

दिपाला विचारलं तर ती म्हणे, "तुमाला काय म्हणायचं ते उघड म्हणा." मी उघड म्हणलं. तांड्याचा नायक अन् चार पंच बसले व्हते, त्यांच्यासमोर तुमचं पत्र वाचून दाखवलं. 'आईकडून येतो' ही ओळ दोनदा वाचली. तिने डोक्यावरून पदर घेतला. मंगळवारी मी तिला जवळा बाजाराच्या जीपमध्ये बसवून दिलं. तिचं माहेर तिथंच आहे. बाळंतपण तिकडंच होऊ द्या. रणजीत माझ्याजवळ आहे. त्याला मी देणार न्हाई.

जगन

*

औंढा नागनाथ
२ जानेवारी २०२४

चि. जगन,

तुझं पत्र वाचलं. मी 'वाटतं' असं लिहिलं होतं. तू ते 'आहे' असं वाचलंस आणि पंचांना वाचून दाखवलंस. तुला लिहिलेलं पत्र चारचौघांत वाचायला मी सांगितलं नव्हतं.

आणि समज, माझा तर्क खरा ठरला, तरी त्यात तिचा गुन्हा काय? कोणती गुणसूत्रं द्यायची हे ती ठरवून बसली होती का? सहा महिन्यांच्या गरोदर बाईला जीपमध्ये बसवून देताना तुझा हात कसा धजला? तिला परत आण. आणि रणजीतचं रक्त तपासून घे, तोवर कोणावर काही ठरवू नकोस.

विष्णुपंत

*

तांडा, ता. सेनगाव
३० मार्च २०२४

आदरणीय सर,

जानेवारीनंतरची तुमची दोन पत्रं मी फोडली न्हाई. काल फोडली. राग तुमच्यावर नव्हता.

१६ तारखेला दिपाला मुलगी झाली. मला तिकडून कोणी कळवलं न्हाई, जवळा बाजारच्या बाजारात कानावर आलं. मुलगी म्हणजे तुमच्या सांगण्याप्रमाणे सुटली. तेवढं समाधान.

रणजीतला माझी आई बघते. आमी तिला याडी म्हणतो. तिच्या हाताला मात्र मानलं पाहिजे. रोज सकाळी कोमट तेल लावून ती त्याची एकेक बोट उलटं ओढते, न्हाई तर बोटं आणखी आखडतात. निजवताना पाठीखाली उंच गाठोडं ठेवते, की घोरणं कमी होतं. पाण्याचा घोट देताना हनुवटी खाली धरते. डॉक्टरला जे सुचलं न्हाई ते तिला सुचतं. आई गेल्यापासून पोरगं गप्प आहे, पण तिच्याजवळ निजतं.

पुढच्या आठवड्यात मुकुल डॉक्टरांकडं जाऊन रक्त देऊन येतो.

जगन

*

औंढा नागनाथ
१० जून २०२४

चि. जगन,

हे पत्र लिहायला मी दोन दिवस घेतले. आधी गोष्ट सांगतो, मग माझ्याबद्दल.

रिपोर्ट आला. दुसरा प्रकार नाही. पहिला आहे, त्यातला जरा सौम्य. जे एन्झाइम नाही त्याचं नाव आयड्युरोनिडेज. मुकुलने डोळे तपासले, तर बुबुळावरचा पडदा धुरकट झालेला आहे. दुसऱ्या प्रकारात तसं होत नाही. उन्हात डोळे मिचकावतो, हे तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. मी वाचलं आणि पुढे गेलो. चाळीस वर्षं या कामात घालवलेल्या माणसाने ते वाचून पुढे जायला नको होतं. चूक माझी आहे, ती मी कुठेही म्हणायला तयार आहे.

पहिला प्रकार एकट्या आईकडून येत नाही. दोघांकडून येतो. प्रत्येकाकडे ते एन्झाइम बनवायच्या कृतीच्या दोन प्रती असतात. तुझी एक बिघडलेली आहे, दिपाची एक बिघडलेली आहे. एक चांगली असली की माणसाचं आयुष्यभर काही अडत नाही, म्हणून तुम्ही दोघं धडधाकट. ज्या लेकराच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या येतात, त्याला आजार. दर खेपेला चारांत एक, मुलगा असो की मुलगी.

आता पुढचं नीट वाच. तुझी मुलगी सुटली, हे माझं म्हणणं खोटं ठरलं. तिचं रक्त ताबडतोब तपासायला हवं. तिला असलाच आजार, तर दुसऱ्याच्या अस्थिमज्जेच्या पेशी देऊन पुष्कळ काही वाचवता येतं, पण ते दोन वर्षांच्या आत. रणजीतच्या बाबतीत ती वेळ टळून गेली. त्याला दर आठवड्याला एन्झाइम सलाईनमधून द्यावं लागेल. त्यासाठी सरकारच्या योजनेत मुकुलने अर्ज केला आहे.

आता एक विचारतो. तुझ्या बाजूला असं लेकरू कुणाचं झालं होतं का?

विष्णुपंत

*

तांडा, ता. सेनगाव
१८ जून २०२४

सर,

आमच्या घरात असं कोणी झालं न्हाई. याडीला विचारलं. ती न्हाई म्हणाली.

डिसेंबरात तुमी म्हणले आईकडून, आता म्हणता दोघांकडून. मधल्या काळात तुमाला दिपाचं पत्र आलं का? किंवा संतराम मामा औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला आले अन् तुमच्या ओट्यावर बसून गेले का? मला फक्त व्हय की न्हाई एवढं कळवा. पोरीचं रक्त काढायला मी तिथं जाणार न्हाई. त्यांनी मला दारात उभं केलं न्हाई तर काय तोंड घेऊन परत येऊ?

जगन

*

औंढा नागनाथ
२५ जून २०२४

सौ. दिपा राठोड यांस,

मी विष्णुपंत. डिसेंबरात तुम्ही माझ्या घरी आला होतात. सुधाने तुम्हाला चहा दिला होता आणि तुम्ही तो प्यायला नव्हतात.

तुमच्याबद्दल मी जगनला जे लिहिलं, ते चुकीचं होतं. रिपोर्टची प्रत सोबत जोडली आहे. त्यात काय आहे ते मागच्या पानावर सोप्या शब्दांत लिहिलं आहे, ते आधी वाचा. तुमच्या मुलीची तपासणी लवकर व्हावी, एवढीच माझी विनंती आहे. बोटभर रक्त लागेल. हैदराबादला यायची सगळी सोय मुकुल करेल. जगनने सोबत यावं की नाही, ते तुम्ही ठरवा.

माफी मागायचा मला अधिकार आहे की नाही, ठाऊक नाही. मागतो.

विष्णुपंत

*

मु. पो. जवळा बाजार
८ जुलै २०२४

विष्णुपंत सरांना दिपाचा नमस्कार.

तुमचं पाकीट आलं तेव्हा त्याची कड दोनदा डकवलेली दिसली. तो डाकघरात आहे अन् इथला पोस्टमन त्याच्या ओळखीचा आहे. मधे कोणी वाचलं असेल तर वाचू द्या. हे पत्र मी स्वतः पेटीत टाकून राहिले, त्यावर तीन ठिकाणी डिंक लावला आहे. पाकीट उघडताना बघा.

मी बारावी झालेली आहे, विज्ञान घेऊन. मागच्या पानावर सोपं करून लिहायची गरज नव्हती. रिपोर्ट समजला. समजलं नाही ते हे, की यावर काहून विश्वास ठेवू? डिसेंबरात तुमीच लिहिलं आईकडून. तेव्हा बी तुमी शिकलेलेच होते. आता माझ्या पोरीचं रक्त पाहिजे. उद्या तिसरं काही निघालं तर ते कोणाच्या माथी मारायचं?

थावराचं तुमी विचारलं नाही, पण सांगते, कारण तुमच्या पत्रामुळेच आमच्या घरात ते परत निघालं. तो अकरा वर्षांचा, मी नऊची. विहिरीला कठडा नव्हता. आमी दोघं बादलीने पाणी काढत होतो. दोर मी धरला होता अन् तो वाकून बादली घेत होता. दोर माझ्या हातातून सुटला, तो पकडायला गेला. तोल गेला, पण काठाच्या एका दगडाला त्याने दोन्ही हातांनी धरलं होतं. मी आधी त्याची बोटं धरली अन् मग कोणाला तरी बोलवायला पळाले. पळायला नको होतं. फोटो माझ्यासाठी लपवलेत, सर. मी फोटो पाहिला की जेवत नव्हते. आई वीस वर्षं माझ्यासमोर त्याचं नाव घेत नाही, अन् जावयाने तिला फोनवर विचारलं, त्याची बोटं कशी होती.

सरळ होती. मी शेवटी तीच पाहिली.

आता माझं म्हणणं. जे पत्र पंचांसमोर वाचलं, ते खोटं आहे असं तुमच्या हाताने लिहा, तुमची सही करा अन् त्याच पंचांसमोर त्याच माणसाने वाचावं. त्याशिवाय मी पोरीला घेऊन कुठं जाणार नाही. पोरीचं पोट मला थोडं मोठं वाटतं. मी रोज बघते. हे बी लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी म्हणू नये की हिने लपवलं.

दिपा

*

औंढा नागनाथ
१३ जुलै २०२४

सौ. दिपा यांस,

तुमच्या पाकिटाचा डिंक शाबूत होता. माझं पाकीट दोनदा डकवलेलं होतं, ते मीच डकवलं. एक ओळ खोडायची राहिली होती म्हणून पुन्हा उघडलं. पोस्टमनचा दोष नाही.

पंचांना लिहिलेलं पत्र आजच जगनकडे पाठवलं, त्याची प्रत सोबत आहे. त्यात 'चूक' हा शब्द चार वेळा आहे. कमी वाटला तर कळवा.

पोरीचं पोट मोठं वाटतं हे वाचलं. पंच बसायची वाट पाहू नका, असं लिहायचा मला हक्क नाही. तरी लिहितो.

विष्णुपंत

*

औंढा नागनाथ
१३ जुलै २०२४

चि. जगन,

सोबत पंचांसाठी पत्र आहे. जसंच्या तसं वाच. 'दोघांकडून' ही ओळ दोनदा वाच.

तू विचारलं होतंस, दिपाचं पत्र आलं का. तेव्हा आलं नव्हतं. आता मी लिहिलं आणि तिचं आलं. थावराला काय झालं ते तिने मला सांगितलं आहे. मी तुला सांगणार नाही. तू तिच्यापुढे जाऊन ऐक.

आता मला एक शंका आहे, आणि तुझ्यासारखी मी ती पोटात ठेवत नाही. तुझी आई रणजीतची बोटं उलटी ओढते, गाठोड्यावर निजवते, घोट देताना हनुवटी धरते. तू मार्चात हे कौतुकाने लिहिलं होतंस. जगन, या गोष्टी कोणाला आपोआप सुचत नाहीत. मुकुलने सांगितलं, की हे शिकायला त्यांच्या नर्सना महिने लागतात. तुझी आई हे कोणाच्या अंगावर शिकली?

विष्णुपंत

*

तांडा, ता. सेनगाव
२८ जुलै २०२४

आदरणीय सर,

तुमचं पत्र मी याडीसमोर वाचलं न्हाई. नुसतं विचारलं, "याडी, ही बोटं ओढायची तुला कोणी शिकवली?" ती रणजीतला तेल लावून राहिली व्हती. तिचा हात थांबला. म्हणाली, "त्याचं होऊ दे." मग तिने बाकीची चार बोटं ओढली, तेलाची वाटी बाजूला ठेवली अन् सांगितलं.

माझ्या आधी तिला एक मुलगी झाली व्हती. निलम. नऊ वर्षं जगली. मी तेव्हा दोन वर्षांचा व्हतो. तिचीही बोटं अशीच, पोट असंच, डोळ्यांत धूर. आजीने अन् भावकीने ठरवलं, की या पोरीचं नाव काढलं तर या घराला कोणी पोरगी देणार न्हाई. तांड्यातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक व्हतं. डिसेंबरात पंचांत बसलेल्या दोघांना ठाऊक व्हतं, सर. मी तुमचं पत्र वाचत व्हतो अन् ते दोघं मान खाली घालून ऐकत व्हते. मला वाटलं, दिपाच्या लाजेने खाली घातली.

मी याडीला विचारलं, "तू तेव्हा काहून बोलली न्हाई?" ती म्हणाली, "बोलले असते तर तू मला जीपमध्ये बसवलं असतं का?" 

पंचांसमोर तुमचं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग याडी उठली. बायका तिथं बसत न्हाईत, ती बसली व्हती. म्हणाली, "निलम माझी व्हती." एवढंच. मग मला म्हणाली, जीप सांग, मला जवळा बाजारला जायचं आहे.

तिथं दारात मला संतराम मामांनी थांबवलं अन् याडीला आत घेतलं. मी दोन तास बाहेर बाजेवर बसलो. रणजीत आत गेला तो आला न्हाई, आईच्या मांडीवर जाऊन बसला म्हणतात. शेवटी दिपा बाहेर आली. लेकरू कडेवर व्हतं. मी पहिल्यांदा पाहिलं. मला म्हणाली, "हैदराबादला जायचं आहे. तुमी यायचं तर या, पण रिपोर्ट माझ्या हातात येईल." मी व्हय म्हणलं.

थावराचं मी अजून विचारलं न्हाई. ती सांगेल तेव्हा ऐकेन.

जगन

*

हैदराबाद
२२ मे २०२५

विष्णुपंत सरांना अन् सुधाकाकूंना दिपाचा नमस्कार.

दहा महिने तुमाला पत्र लिहिलं नाही. मुकुल डॉक्टर तुमाला कळवत असतील असं धरून चालले. तरी माझ्या हाताने एकदा लिहावं वाटलं.

पोरीला आजार निघाला. तुमच्या जांभळ्या डागावर बी मी यावेळी विसंबले नाही, सरळ एन्झाइमच काढायला लावलं, अन् दुसऱ्या लॅबमध्ये परत काढायला लावलं. दोन्हीकडे तेच. सहा महिन्यांची होती. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात.

पेशी कोणाच्या द्यायच्या, यावर महिना गेला. बाहेरचं कोणी जुळलं नाही. रणजीतच्या चालत नाहीत. माझ्यापेक्षा जगनच्या बऱ्या पडतील असं निघालं. मी डॉक्टरांना विचारलं, त्याच्यात तर निम्मंच एन्झाइम आहे, मग काय उपयोग? ते म्हणाले, निम्मं असूनच तो तुमच्यासमोर उभा आहे ना, पोरीला तेवढं पुरेल. जानेवारीच्या शेवटी पेशी दिल्या. त्याआधीची औषधं अशी होती, की पोरीच्या तोंडात फोड आले अन् डोक्यावरचे केस उशीला चिकटून आले. तीन आठवडे काचेच्या खोलीत आमी दोघी होतो. जगन बाहेर बाकावर बसायचा. जेवणाचा डबा आत द्यायचा अन् काचेवर हात ठेवायचा. मी कधी ठेवला, कधी नाही.

एका दुपारी पोरगी झोपलेली असताना मी इंटरकॉमवर त्याला थावराचं सांगितलं. मधे काच होती म्हणून सांगता आलं.  तो फोन कानाला धरून बसला. मग म्हणाला, "मी विचारायला नको व्हतं." मी म्हणले, "विचारायचं होतं, पण मला. आईला नाही."

रणजीतची योजना मंजूर झाली. दर बुधवारी सलाईन असतं. पोट कमी झालंय, रात्री कमी घोरतो. डोळ्यांचं अन् हाडांचं जे झालं ते परत येणार नाही, हे मला सांगितलेलं आहे अन् त्याला बी मी सांगितलं आहे. तो सातचा झाला. नर्सला विचारतो, तुझ्या गावाचा पिनकोड काय? माझी सासू इथंच आहे, त्याची बोटं ओढते. दोन नर्सना तिने तिची रीत शिकवली. निलमचं नाव आता ती बोलता बोलता सहज घेते. आमच्यात फार बोलणं होत नाही. पण ती डबा करते अन् मी जेवते.

सेनगावला परत जायचं का, हे मी ठरवलेलं नाही. जगनने विचारलं नाही. विचारलं तर काय सांगेन, ते बी ठाऊक नाही. मी अजून त्याच्यावर पुरता भरवसा ठेवत नाही, अन् तुमच्यावर बी नाही. राग मानू नका. मी आता प्रत्येक कागद दोघांना दाखवते. मागच्या आठवड्यात पोरीचा शंभर दिवसांचा रिपोर्ट आला. मुकुल डॉक्टरांनी तो तुमाला पाठवला अन् तुमी मला दोन ओळी लिहिल्या, 'एन्झाइम आलं आहे, बापाइतकंच आहे.' त्या दोन ओळी मी इथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखवल्या अन् विचारलं, हे सरांनी लिहिलंय ते बराबर आहे का. त्यांनी चष्मा लावून रिपोर्ट पाहिला, तुमची चिठ्ठी पाहिली अन् म्हणाल्या, बराबर आहे.

म्हणून आता तुमाला कळवते, की पोरगी बरी आहे. भात खाते.

दिपा